आजवा केटलुं थयुं?

बडोद्यात पावसाळ्यात कोणी कोणाला "पाऊस किती झाला?" असं विचारत नाही. विचारतात ते "आजवा केटलुं थयुं?" दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, भाजीवाली मावशी कोथिंबीर तोलता तोलता विचारते. उत्तर फुटांत द्यायचं असतं. "बसो अगियार." म्हणजे दोनशे अकरा. एवढं ऐकलं की ज्याचं घर नदीच्या अंगाला आहे तो गप्पा अर्धवट टाकून उठतो.

बाहेरगावच्या सुनांना याचा उलगडा व्हायला एक पावसाळा जावा लागतो. माझी बायको नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिला वाटलं, आजवा म्हणजे आमच्यातले कोणीतरी थकलेले नातेवाईक आहेत आणि त्यांचं ब्लडप्रेशर रोज चढतंय. "दोनशे अकरा झालं तरी दवाखान्यात का नेत नाहीत?" असं तिने आईला विचारलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात अजून दर वर्षी निघते.

तर आजवा म्हणजे सयाजी सरोवर. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, मातीचा लांबलचक बांध घालून सयाजीराव महाराजांनी बांधवलेलं. राज्याचे इंजिनियर जगन्नाथ सदाशिवजी यांनी त्याची आखणी केली आणि १८९२ साली नळाने पाणी शहरात आलं. पंप नाही, काही नाही. उंचावरचं पाणी उताराने घरापर्यंत. आज अर्धं शहर महीच्या पाण्यावर जगतं, पण जुन्या गावात नळ सोडला की अजून "आजव्याचं पाणी आलं" असंच म्हणतात.

त्याआधी काय होतं ते आमच्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं होतं. रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात विहीर होती, पण पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजत नसे. तासभर रटरटली तरी दाणा दाताखाली कचकच वाजायचा. म्हणून पावसाळा आला की चौकातल्या पन्हळीखाली पितळी हंडे, कळशा, अगदी परातीसुद्धा मांडायच्या. पहिल्या दोन-तीन सरी छप्पर धुवायला सोडून द्यायच्या आणि पुढचं पाणी फडक्याने गाळून भरून ठेवायचं. ते डाळीसाठी, आणि घरात बाळंतीण असेल तर तिच्यासाठी. नळ आल्यावर डाळ शिजायला लागली. तरी पन्हळीखाली हंडा मांडायची सवय काही गेली नाही. मी लहान असताना, म्हणजे साठच्या दशकात, आजी मृगाच्या पहिल्या पावसाला एक हंडा मांडायचीच. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, "असू दे."

वाड्यातला पावसाळा वैशाखातच सुरू व्हायचा. गव्हाला दिवेल चोळायचं, म्हणजे एरंडेल. सगळ्या बायका ओसरीवर पाय पसरून बसायच्या, कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले. वर्षाचा गहू असा कोठीत गेला की पोरकिडा लागत नाही. ही शिकवण शेजारच्या गुजराती बेनांची, आमच्या साताऱ्याकडची नव्हे. त्या बदल्यात कुरडया त्यांनी आमच्याकडून घेतल्या. मग छुंद्याच्या बरण्या गच्चीवर, दादरा बांधून. मग कौलं शाकारायला माणसं यायची. बडोद्यात वानरं फार. उन्हाळाभर ती कौलांवरून धावलेली असायची, त्यामुळे दर वर्षी शे-दीडशे कौलं तरी नवी घ्यावी लागत. आजोबा खाली ओट्यावर बसून मोजायचे आणि वरच्या माणसाशी हुज्जत घालायचे. वानरांनी किती फोडली आणि त्याच्या पायाखाली किती फुटली, हा दर वर्षीचा वाद.

पाऊस लागला की वाडा अंधारायचा. कोळसा दमट, शेगडी नुसती धुमसायची. दोऱ्या माजघरात बांधलेल्या, त्यामुळे घरात चालायचं ते ओल्या धोतरांच्या पडद्यांतून. तान्ह्या मुलाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर सुकवायची. त्या दुपट्यांना येणारा धुराचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. संध्याकाळी दिव्यावर किडे. भिंतीच्या कडेने काळे मोठे मकोडे, चावले की सोडत नसत. आणि सगळ्यावर उपाय एकच, गुगुळाचा धूर.

आषाढी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ, आणि त्याच दिवशी समोरच्या घरातल्या मुलींचं मोळाकत सुरू. पाच दिवस मीठ नाही. त्यांनी पेरलेले जवारे ओट्यावर ठेवलेले असत, आणि आमच्या आत्या त्यांच्याबरोबर हौसेने एक दिवस अळणी खायच्या, दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीपाशी सापडायच्या. आमच्या अळूवड्या त्यांच्याकडे गेल्या की "पातरा" व्हायच्या आणि गोड होऊन परत यायच्या. भिजत घरी आलं की दाळवडे; आणि बाहेर काही खायचं असेल तर सेव-उसळ, भरपूर तिखट तर्री घालून. ती मुळात आपली की त्यांची, यावर बडोद्यात फार बोलू नये.

हे सगळं मी रंगवून सांगतोय खरा, पण त्यात एक गोष्ट नव्हती, ती आज लक्षात येते. वाड्यात पुराची भीती नव्हती. नदीला पूर आला की आम्ही पोरं तो बघायला जायचो, जत्रेला जावं तशी. काळ्या घोड्याच्या पुलावर कठड्याला माणसांची रांग, खाली तांबडं पाणी, त्यातून जाणारी झाडं, एखादी म्हैस, आणि कोणीतरी ओरडायचं "मगर, मगर!" निम्म्या वेळा तो ओंडका असायचा. निम्म्या वेळा नसायचा. बघून झालं की घरी येऊन कढी-खिचडी खायची.

विश्वामित्री ही तशी विचित्र नदी. पावागडाच्या डोंगरात उगम, शहरात शिरताना आणि शहरातून जाताना सापासारखी वळणं, मग दक्षिणेला ढाढर नदीत मिळून खंभातच्या आखाताकडे. आठ महिने ती असते की नसते. उतार इतका कमी की पाणी पुढे सरकायला तयार नसतं, आणि पुढे ढाढर भरलेली असेल तर मुळीच नाही. शिवाय पाऊस पडतो तो पावागड-हालोलकडे आणि आजव्याच्या वर. २११ फुटांच्या पुढे गेलं की तलावातलं पाणी दरवाज्यांतून नदीत येतं, आणि शहरात पोचायला काही तास जातात. म्हणून बडोद्यात पूर कित्येकदा उघडिपीत येतो. ऊन पडलेलं असतं, लोक दोरीवर कपडे घालत असतात, आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसतं. "पाऊस किती झाला" हे विचारून उपयोग नाही तो यासाठी.

नदीच्या दोन्ही काठांना कोतरं होती, म्हणजे घळी. पूर आला की पाणी आधी त्यांत शिरायचं, पसरायचं, दमायचं. आणि गावातल्या पावसाचं पाणी नदीकडे नेणारे मोठे नाले होते, त्यांना बडोद्यात "कांस" म्हणतात. रुपारेल कांस, मसिया कांस, भूखी कांस. ही नावं आमच्या आजीला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ होती. मांडवी, रावपुरा हा जुना भाग उंचवट्यावर. नदीकाठ मोकळा. तिथे धोबी, वीटभट्ट्या, बाभळी, आणि मगरी.

आजीचं हे ज्ञान पुस्तकी नव्हतं. तिचं माहेर बाबाजीपुऱ्यात. १९२७ साली ती तेरा वर्षांची होती. त्या जुलैत साऱ्या गुजरातवर जो पाऊस झाला त्याबद्दल तुम्ही वल्लभभाईंच्या मदतकार्याच्या संदर्भात वाचलं असेल. आजीला वल्लभभाई वगैरे नंतर कळलं. तिला आठवत होता तो आवाज. दिव्यांच्या अवसेच्या आधीचे दिवस, पाऊस खळत नव्हता, आणि रात्री दूर कुठेतरी धप्प असा आवाज व्हायचा. मग थोड्या वेळाने आणखी एक. मातीच्या भिंतींची घरं पाणी पिऊन बसत होती. तिचे वडील आवाज मोजायचे. सकाळी ते कंदील विझवून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक अनोळखी कुटुंब होतं, अंगावरच्या कपड्यानिशी. ते लोक पुढे दिवाळीपर्यंत आजीच्या माहेरी राहिले. त्यांच्यातली एक मुलगी आजीची मैत्रीण झाली आणि शेवटपर्यंत राखीपौर्णिमेला आमच्याकडे यायची. मला ती आजीची सख्खी बहीण वाटायची.

आता माझ्या घराची गोष्ट. १९७८ साली आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, वाडा सोडला. सांगण्यासारखं भांडण वगैरे नव्हतं. तीन भाऊ, अकरा मुलं, एक मोरी. कारेलीबागेच्या बाजूला नव्या सोसायट्या होत होत्या. दादांनी कर्ज काढून प्लॉट घेतला. भूमिपूजनाच्या आधी आजीला दाखवायला घोडागाडीतून नेलं. मी बरोबर होतो, वीस वर्षांचा. आजीने प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना जाऊन पाहिलं. मागच्या बाजूला वाकली, गवताचा एक झुबका उपटला आणि दादांच्या हातावर ठेवला.

"हा लव्हाळा आहे."

"मग?"

"मग काय! कोरड्या जागी लव्हाळा उगवतो का रे?"

दादा म्हणाले, "आई, जोतं तीन फूट उचलणार आहे." ती गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर अवाक्षर नाही. नव्या घरात ती राहायला आली नाही. पाहुणी म्हणून यायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधीच यायची नाही. आम्ही तिला हट्टी म्हणायचो. १९९४ साली ती गेली, आणि तोवर आमच्या दारात टीचभरसुद्धा पाणी आलेलं नव्हतं. दादा हे तिला ऐकवायचे. मला आज ते फार लागतं.

मग २००५चा जुलै. पाणी फाटकापर्यंत आलं. २०१४च्या सप्टेंबरात जोत्याच्या दुसऱ्या पायरीवर. ३१ जुलै २०१९ला तर एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस, म्हणजे बडोद्याच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त; तेव्हा घरात घोटाभर. त्या वर्षी रस्त्यात कुत्र्यावर झेपावणाऱ्या मगरीचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. आम्हाला पुण्यामुंबईहून दिवसभर फोन. "तुमच्याकडे मगर आली का?" आली नव्हती. मागच्या गल्लीत आली होती. पकडणारी पोरं फार धीराची, दोरी आणि ओलं पोतं एवढ्यावर काम करतात. पोतं डोळ्यांवर टाकलं की ती शांत होते. तसं म्हटलं तर बडोद्यात माणूस आणि मगर यांचं बरं चाललेलं आहे. शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकड्यांनी मगरी असलेलं दुसरं गाव निदान माझ्या माहितीत नाही. आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्या पाण्याबरोबर जातात. कोतरं भरून तिथे सोसायट्या झाल्या, कांसांवर काही ठिकाणी स्लॅब पडले आणि वरून रस्ते गेले. सोसायट्या करणाऱ्यांत आम्हीही आहोत. माझ्या घराची फरशी जिथे आहे तिथे पूर्वी पाणी पसरायचं, एवढं साधं आहे ते. सारा दोष दुसऱ्यांवर टाकायला मला जड जातं.

२०२४ साली शितळा सातमच्या दुसऱ्या दिवशी, गोकुळाष्टमीला, धो धो पाऊस लागला. काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीची धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. त्या वेळी ती ३५च्याही वर गेली. पूल बंद. स्टेशनची बाजू एकीकडे, गाव एकीकडे, अलकापुरीचं गरनाळं तर नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी बुडालेलं. आमच्याकडे पहाटे अडीचला मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. पाणी दारातून येतं असं आपल्याला वाटतं. ते आधी मोरीतून आणि संडासातून येतं. चार वाजता गुडघाभर, सहाला कंबरेपर्यंत. वीज गेलेली. मी, बायको, एक्याण्णव वर्षांची आई, सून आणि चार वर्षांची नात असे वरच्या गच्चीच्या खोलीत. खाली फ्रीज तरंगून आडवा झाला त्याचा आवाज आला. धप्प. मला आजीचे वडील आठवले.

पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. शेजारच्या पटेलांच्या गच्चीवरून दोरीला बांधून थेपल्यांचं पुडकं आलं, आमच्याकडून तिकडे गॅसची छोटी शेगडी गेली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. आईला खुर्चीसकट उचलून ट्रॉलीत ठेवली आणि आम्ही रावपुऱ्यात, वाड्यात गेलो, चुलतभावाकडे. चौकात कोरडी फरशी होती. वहिनींनी आंघोळीला गरम पाणी काढलं. आई माजघरात आडवी झाली आणि म्हणाली, "सासूबाई काय म्हणतील आता." तिच्या सासूबाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

घरात चार फूट पाणी होतं. गाद्या, फर्निचर, मोटर, हे सगळ्यांचंच गेलं, त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते ट्रंकेबद्दल. पणजोबा साताऱ्याहून इथे महसूल खात्यात कारकून म्हणून आले. त्यांचं दफ्तर, म्हणजे रुमालात बांधलेली मोडीतली रोजनिशी, खर्चाच्या वह्या, पत्रं, हे दादांनी वाड्यातून येताना आणलं होतं. ते पलंगाखाली लोखंडी ट्रंकेत होतं. छेचाळीस वर्षं. मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, या वर्षी कोणाकडून तरी वाचून घेऊ. ट्रंक उघडली तेव्हा आत तांबड्या गाळाची लापशी होती.

वाड्याच्या माडीवर आम्ही पानं सुटी करून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, पंख्याखाली आठ-दहा दिवस वाळवली. चतुर्थी तोंडावर आलेली. गणपती त्या वर्षी वाड्यातच बसवला, आणि मखराच्या मागे कागद पसरलेले. त्यात एक नवल दिसलं. दादांच्या वह्या, पन्नास-साठ सालच्या, फाउंटन पेनच्या निळ्या शाईतल्या, सगळ्या पुसून गेल्या. नुसती निळसर पाटी. आणि पणजोबांच्या पानांवर, जिथे कागद टिकला तिथे, अक्षर लख्ख. काजळाची शाई. पाण्याला ती दाद देत नाही. दादांनी घर बांधण्याचा सगळा हिशेब ज्या वहीत लिहिला होता, जोत्याच्या तीन फुटांसकट, ती वही कोरी झाली.

शे-सव्वाशे पानं वाचली आहेत. गेल्या उन्हाळ्यात मोडी शिकत असलेला एक मुलगा पुतण्याबरोबर आला होता. त्याने एक पान कसंबसं लावलं. मी श्वास रोखून बसलो होतो, आजव्याबद्दल काही निघेल, महाराजांबद्दल निघेल. निघाला तो कौलांचा हिशेब. नवी किती घेतली, माणसाला काय दिलं, आणि खाली एक ओळ, वानरांबद्दल तक्रारीची.

२०२५च्या पावसाळ्याआधी नदी खोल-रुंद करायचं मोठं काम झालं. यंत्रं दिवसरात्र चालू होती, मी रोज बघायला जायचो. किती टिकेल ते नदी सांगेल. घर आम्ही दुरुस्त केलं, राहतोय. मुलगा विका म्हणतो. पण पाणी येऊन गेलेल्या घराला भाव कोण देणार? तिकडे वाड्यालाही बिल्डर आलाय. सात जणांच्या सह्या लागतात, सहा झाल्या. सातवी माझी. चुलतभाऊ काही बोलत नाही, चहा देतो आणि कागद समोर ठेवतो. त्याचंही बरोबर आहे, माडीचे वासे पोखरलेत, दुरुस्तीला पैसा नाही. मी म्हटलंय, पावसाळा जाऊ दे.

आपल्यात कोणी मोडी सहज वाचणारं असेल, विशेषतः जुनं राज्यातलं कारकुनी वळण, तर कृपया कळवा. पानं फार नाजूक झाली आहेत, फोटोत अक्षर नीट येत नाही, त्यामुळे बडोद्याला यावं लागेल. राहायची, जेवायची सोय वाड्यात. श्रावणाच्या आधी आलात तर बरं, आणि निघताना आजवा किती झालंय ते विचारून निघा.